काकड विकायचं नसतं

आमटीला आंबट म्हणून तुमच्या घरात काय घालतात? चिंच, आमसूल, दही? आणि उद्या कुणाच्या तरी बॉयलरला सरपण कमी पडलं म्हणून ते आंबटच तुमच्या ताटातून उचलून नेलं, तर तुम्ही कुणाच्या दारात जाऊन उभे राहाल? उत्तराची घाई नाही. आधी ठकुबाईची हकिकत ऐका.

पडघ्यापासून तासाभराच्या चालीवर, डोंगराच्या पायथ्याशी बावीस झोपड्यांची कातकरवाडी आहे. ठकुबाई तिथली. तिची आई, तिची आजी तिथलीच. पण जमिनीच्या कागदावर एकीचंही नाव नाही. वाडी उभी आहे ती जागा दुसऱ्याची, वाडीच्या वरचा माळ दुसऱ्याचा, त्याच्या वरचं जंगल सरकारचं. माळावर काकडाची चौदा झाडं होती. कुठल्या झाडाचं फळ आधी धरतं, कुठली फांदी माणसाचं ओझं पेलते, कुठली दगा देते, हे ठकुबाईला जेवढं ठाऊक होतं तेवढं माळाच्या मालकाला सात जन्मांत कळलं नसतं.

काकड म्हणजे काकडी नव्हे. शहरातले लोक इथंच घोळ घालतात. काकड हे रानातलं मोठं झाड. वैशाखात त्याला घोसाने फळं येतात, लहान बोराएवढी, हिरवीगार, दात आंबवणारी. वाडीत चिंच विकत आणायची ऐपत नाही. खेकड्याचं कालवण असो, सुकटीचा रस्सा असो, नुसतं डाळीचं पाणी असो, आंबटाला काकड. पावसाआधी मीठ लावून वाळवायचं, गाडग्यात भरायचं, वर्षभर पुरवायचं. आणि सगळ्यांत मोठं काम शेवळाचं. मृगाच्या तोंडावर जमिनीतून शेवळं वर येतात, जांभळट कोंबासारखी. चवीला अशी की मटण बाजूला ठेवावं. पण नुसती खाल्ली तर घशात हजार सुया. ती खाज मारायला काकड लागतं. ठेचून त्याचा रस घालायचा, मग शेवळं मऊ येतात, गोड लागतात. रानानेच दुखणं दिलं, रानानेच औषध दिलं, दोन्ही एकाच पंधरवड्यात.

ठकुबाई शेवळांच्या जुड्या घेऊन भिवंडीच्या मंडईत बसायची. पहाटे वाडीवरून निघून पडघ्याला यायची, नाशिककडून येणाऱ्या एखाद्या ट्रकच्या मागे जागा मिळाली तर मिळाली, नाहीतर चालत. मंडईत नळाजवळच्या भिंतीला तिची जागा. प्रत्येक जुडीमागे एक मूठ काकडं ती वर घालायची. त्याचे पैसे घ्यायची नाही. एकदा एका हॉटेलवाल्याने नुसती काकडं मागितली, टोपलीभर, म्हणेल तो भाव. ठकुबाई म्हणाली, "शेवळं इकायची. काकड न्हाय इकायचं."

"का गं? पैसा चावतो का तुला?"

"शेवळं मी काढली, त्याचा दाम घेतंय. काकड मी काय केलंय? आन ते न्हाय दिलं आन खाणाऱ्याचा घसा धरला, तर माझी आय वरून बघतेय."

हा तिच्या आईचा नियम, आईच्या आईचा नियम. जो शेवळं देतो त्याने काकड द्यायचं. खाणाऱ्याचा घसा देणाऱ्याच्या माथ्यावर.

मी तिला कसा ओळखायला लागलो ते दोन ओळींत सांगतो. मी लूमवरचा माणूस. चौथीनंतर शाळा सुटली, पुढचं सगळं वर्तमानपत्रं आणि मोर्चे यांनी शिकवलं. भिवंडीत लूम कामगारांची युनियन उभी करत होतो आणि त्याच नादात वाड्यांवर रेशनकार्डाचे अर्ज भरायला जायचो. ठकुबाई मला मास्तर म्हणायची. मी म्हटलं, मी मास्तर नाही. तर म्हणाली, "कागुद वाचून दुसऱ्याला गप करतो त्यो मास्तरच."

तिचा नवरा चिंधू वीटभट्टीवर गेला. गेला म्हणजे मेला. खारबावच्या अंगाला भट्टी होती, अंगात ताप घेऊन चार दिवस गारा, म्हणजे विटांचा चिखल, तुडवत होता. पाचव्या दिवशी उठला नाही, तेव्हा भट्टीवाल्याने विचारलं की त्याच्या जागी आता कोण. ठकुबाईने सात वर्षांची काशी कडेवर घेतली आणि चालत वाडी गाठली. त्यानंतर बारा वर्षं ती भट्टीवर गेली नाही. वाडीतली बाकीची घरं दसरा झाला की कुलूप नसलेली दारं ओढून भट्टीवर जायची. ठकुबाई आणि काशी, दोघी मायलेकी, मागे राहायच्या. हे जमायचं ते मृगातल्या पंधरा-वीस दिवसांच्या जोरावर. शेवळं विकून जे तांदूळ घरात यायचे ते पावसाळा काढून द्यायचे. मग करटोली, खेकडे, मोळ्या असं करत वर्ष ढकलता यायचं. मंडईतली नळाजवळची ती तीन हात जागा गेली, की भट्टी. एवढा साधा हिशेब होता, आणि तो ती कधीही विसरायची नाही.

मंडईत तिचं नाव होतं. हबीबा म्हणून एक म्हातारी कोकणी मुसलमान बाई दर वर्षी पहिली जुडी तिच्याकडून न्यायची. दोघींचं भांडण ऐकायला मजा यायची.

"ठकू, औंदा जुडी बारीक केलीस."

"तुझं ढुंगाण मोठं झालंय, बाय, म्हणून जुडी बारीक दिसतेय."

"काकड तरी मूठभरून घाल. मागल्या साली माझ्या सुनेने शेवळं खिम्यात घातली, पोरांनी बोटं चाटली."

"तुझी सून माझ्यापाशी धाड. तिला जरा काकड ठेचायला शिकवतंय, तू तर नुसती बडबडच शिकवलीस."

हबीबा हसायची आणि दोन जुड्या जास्त न्यायची. तिच्या शेजारपाजारच्या दहा घरांत ठकुबाईची शेवळं जायची. लोक म्हणायचे, ठकूच्या हातचं खाजत नाही.

आता चौऱ्याहत्तर साल. त्या वर्षी तेल महाग झालं. भिवंडीतल्या सायझिंगवाल्यांनी, म्हणजे जिथं सुताला खळ लावतात त्या कारखान्यांनी, तेलाचे बॉयलर परत लाकडावर आणले. लाकूड कुठून येणार? आजूबाजूच्या माळांवरून. ठेकेदारांचे ट्रक पडघ्याच्या रस्त्याला रांग लावून उभे राहायला लागले. वाडीच्या वरचा माळ केसरीनाथ नावाच्या शेतकऱ्याचा. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर लिहायला सोपं गेलं असतं. त्याने मालकीची झाडं ठेकेदाराला दिली. कागदावर ऐन होता, किंजळ होती. काकडाचं नाव कागदावर नव्हतं, कारण काकडाला कुणी लाकूड म्हणतच नाही. पण कुऱ्हाड हातात असलेला माणूस कागद वाचून झाड तोडत नाही.

वाडीवरून निरोप आला तेव्हा मी गेलो. होळी नुकतीच झाली होती, काकडं मोहरावर होती. केसरीनाथ बांधावर उभा, ठकुबाई त्याच्यासमोर.

"नाथाभाव, ऐन ने, किंजळ ने. काकड कशाला?"

"ठकू, झाड माझ्या मालकीत हाय का तुझ्या?"

"झाड तुझं. मी कुठं न्हाय म्हणतंय? फळ कुणाचं?"

केसरीनाथ हसला. "झाड माझं न् फळ तुझं? असा कायदा कुठं हाय गं?"

"तुझ्या बापाला ठावं व्हता. तुझी आय शेवळं रांधायची तवा काकड मागाया माझ्या आयच्या दारात यायची. झाडं तुमची असून."

त्याने एकदा वर माळाकडे पाहिलं. मग म्हणाला, "ठेकेदाराला शब्द दिलाय आता. मी एक झाड ठेव म्हटलं तर तो बाकीचं बी ठेवून जाईल."

मी मध्ये पडलो. तोंडाला येईल ते बोललो. त्याला सावकाराची अवलाद म्हणालो, जो तो नव्हता. त्याने उलट मलाच विचारलं, "तुझं लूम कशावर चालतं, मास्तर? खळ लावल्याबगर सूत चढतं का?" त्यावर मी नुसता आणखी ओरडलो. मग कचेरीत अर्ज घेऊन गेलो. तिथल्या कारकुनाने तोडायला परवानगी लागणाऱ्या झाडांची यादी काढली, बोट फिरवलं आणि म्हणाला, काकड नावाचं झाड यादीत नाही. जे यादीत नाही ते तोडल्याची तक्रार कशी घेऊ? चार दिवसांत तेरा झाडं पडली. चौदावं कड्याच्या अंगाला होतं, तिथं गाडी जात नव्हती, म्हणून राहिलं.

एका झाडाची काकडं वाडीच्या कालवणालाही पुरली नाहीत. मृग जवळ आला, शेवळं वर आली. शेवळांना काय ठाऊक, काकडं गेलीत म्हणून. वाडीतल्या दुसऱ्या बायका म्हणाल्या, औंदा नको बाजार. ठकुबाईला तसं म्हणून चालणार नव्हतं.

काकड नसलं तर वाडीत दुसरी रीत आहे. बोंडाऱ्याचा कोवळा पाला शेवळांबरोबर उकडायचा, मग पाला काढून टाकायचा. खाज जाते. चव काकडासारखी येत नाही, पण घसा वाचतो. ठकुबाईने प्रत्येक जुडीला बोंडाऱ्याची मूठभर पानं बांधली. काशी तेव्हा एकोणीस वर्षांची. ती म्हणाली, "आये, शहरातल्या बायला पाला काय कळंल? तिला वाटंल, बांधायला घातलाय."

"मी सांगन ना."

"तू सांगशील, ती थांबंल का?"

"घेणारी थांबतेच."

हे ठकुबाईचं चुकलं. तिच्या आयुष्यात घेणारी थांबत आली होती, कारण काकड बघून नवखी बाई विचारतेच, हे काय, कशाला, किती घालायचं. पाला बघून कोण विचारतं? मंडईत मेथी पाल्यात येते, फुलं पाल्यात येतात, मासळीसुद्धा पाल्यात येते. पाला म्हणजे वेष्टन. वाडीत पाला बघून पोर सांगेल की हा कशासाठी आहे. वाडीबाहेर ते फक्त पान.

चंद्रा नावाची बाई बिस्सी चालवायची. बिस्सी म्हणजे लूमवाल्यांची खानावळ. महिन्याने पैसे, दोन वेळचं जेवण, जमिनीवर पंगत. चंद्रा घाटावरून आलेली, तिला भिवंडीत येऊन वर्षही झालं नव्हतं. शेजारणींनी शेवळांची वाखाणणी केली म्हणून त्या दिवशी ती आली आणि ठकुबाईची सगळी टोपली, बावीस जुड्या, पोत्यात भरून घेतल्या. शिफ्ट सुटायची वेळ झाली होती, तीस माणसं जेवायला येणार होती. पुढे तिनेच मला सांगितलं, "बाई मागून काहीतरी बोलत होती. मी हात हलवला, बरं बरं म्हटलं. मला वाटलं, ती म्हणतेय उद्या पण ये." घरी जाऊन तिने पाला उपसून शेळीपुढे टाकला आणि शेवळं तेलात परतली. वर झणझणीत तिखट. वाढताना शिफ्टवाली माणसं भुकेजलेली; पहिल्या घासाला काही कळत नाही, तिखट वाटतं. सुया नंतर टोचतात.

तीस माणसांच्या जिभा सुजल्या. कुणी ओकलं, कुणी मीठ खाल्लं, कुणी बर्फ चोखला. एकाला सरकारी दवाखान्यात न्यावं लागलं. तो दुसऱ्या दिवशी चालत परत आला, पण ते नंतर. त्या संध्याकाळी गल्लीत एकच बोललं जात होतं, कातकरणीने जहर दिलं.

सकाळी रात्रपाळी सुटली तशी माणसं घरी न जाता मंडईत आली. शंभरेक असतील. पुढे राघो. राघो माझ्या युनियनचा, अर्धा वर्गणीदार त्याने आणलेला. ठकुबाई नुकतीच नवी टोपली मांडून बसली होती. मी धावत पोहोचलो तोवर टोपली उलटी झाली होती आणि कुणीतरी तिचं लुगडं खेचलं होतं. ती भिंतीला पाठ लावून उभी. रडत नव्हती.

"क्या खिलाया रे इन लोगों को?" मागून कुणी ओरडलं.

"शेवळं दिली," ती म्हणाली. "पाला बी दिला. पाला कुठं हाय इचारा."

"पाला खायचा होता काय, बकऱ्या आहोत आम्ही?" राघो म्हणाला. त्याची जीभ सुजलेली, शब्द ओबडधोबड बाहेर पडत होते, मागे काही जण हसले. हसण्याने तो जास्त तापला. "मास्तर, तुमची ही बाई. तुम्ही सांगा. विष आहे की नाही?"

मी म्हणालो, "विष नाही."

"कशावरून?"

हबीबा गर्दीतून वाट काढत आली होती. ती माझा सदरा ओढून म्हणाली, "अरे बाबा, चूल मांड. समोर शिजव, पाला घालून. आपण सगळी खाऊ, मी पयली खातंय. तासाचा तर सवाल हाय."

तासाचा सवाल. तो तास मी दिला असता तर हे लिहायला लागलं नसतं. पण शंभर माणसं तापलेली, त्यातली निम्मी माझी, आणि सगळी माझ्या तोंडाकडे बघतायत. तास थांबा, भाजी शिजवतो, हे सांगणारा पुढारी कोण ऐकतो? मला त्याच क्षणी जिंकायचं होतं. मी राघोला म्हणालो, "कशावरून विचारतोस? ती खाते. ही इथली, पडलेली. तुझ्यासमोर, कच्ची. खाऊन दाखवते, मग तरी गप बसशील?"

पुढच्या माणसांनी मागे सरकून तिच्यासमोर जागा केली.

मला माहीत नव्हतं असं नाही. शेवळं कच्ची खात नाहीत हे मी वाडीवर दहा वेळा ऐकलं होतं. तरी मी बोललो, आणि का बोललो ते आता स्वच्छ सांगतो. माझ्या डोक्यात कुठेतरी होतं की खाज आपल्याला येते, त्यांना नाही. रानातली माणसं. काटा टोचत नाही, ऊन लागत नाही, घसा धरत नाही. ज्यांच्या हक्कांवर मी भाषणं ठोकत फिरत होतो त्यांचा घसा माझ्या घशासारखा मांसाचा असेल हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

ठकुबाईने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. एखादं पोर पाय घसरून पडताना बघावं तसं. मग वाकली, मातीतून एक शेवळ उचललं, पदराला पुसलं आणि खाल्लं. सगळं. मग दुसरं उचललं. हबीबा "नको गं" म्हणत पुढे झाली तर तिने हाताने तिला थांबवलं. तीन शेवळं खाल्ली तिने, सावकाश, चावून, शंभर माणसांकडे बघत. आणि तिथंच उभी राहिली.

किती वेळ उभी होती? पंधरा मिनिटं असतील. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण तोंड मिटलेलं होतं. लोक वाट बघत होते की ती पडेल. ती पडली नाही. मग मागचे पांगायला लागले. कुणी म्हणालं, "कुछ नहीं हुआ इसको." कुणी म्हणालं, चंद्राच्याच तेलात काहीतरी असणार. राघो खाली बघत निघून गेला.

मी जिंकलो. चार कार्यकर्ते मला खांद्याला धरून चहाला घेऊन गेले. काय बाई उभी केलीत, म्हणाले. मी दोन कप चहा प्यालो, एक विडी ओढली, आणि लूमवाल्यांना आदिवासींशी कसं वागायचं यावर बोललो. परत मंडईत आलो तेव्हा नळाजवळ कुणी नव्हतं. वाटलं, गेली असेल ट्रक गाठायला.

ट्रक तिने गाठला नव्हता. तिला श्वास पुरत नव्हता आणि चालत्या गाडीत चढायचं बळ नव्हतं. हबीबाने तिला आपल्या ओटीवर नेलं होतं, ताक पाजायचा प्रयत्न केला होता. ते नाकातून बाहेर आलं. म्हातारी म्हणाली, दवाखान्यात चल. ठकुबाईने मान हलवली. दवाखान्यात कालचा तो कामगार होता, त्याची माणसं होती. तिथं तिला झोपलेली कुणी बघितलं असतं तर सकाळचं सगळं फुकट गेलं असतं. दुपारी हबीबाच्या पुतण्याने तिला टांग्यात घालून पडघ्यापर्यंत पोहोचवलं. तिथून वाडीवर कशी गेली ते तिलाच ठाऊक. काशी सांगते, ती दारात आली तेव्हा तिची मान आणि हनुवटी एक झाली होती.

मला तिसऱ्या दिवशी कळलं. गेलो. ती भिंतीला टेकून बसली होती, आडवं झालं की जीव घुसमटायचा. गाडग्यात वाळवलेली काकडं होती, मागच्या वर्षीची, शेवटची. काशी ती पाण्यात भिजवून त्या पाण्यात चिंधी बुडवून आईच्या ओठांत पिळत होती. थेंब थेंब. अकरा दिवस तिच्या पोटात दुसरं काही गेलं नाही.

मी काशीला विचारलं, "तिला ठाऊक होतं ना? मग का खाल्लं?"

"मी बी तेच इचारलं." काशी चिंधी पिळत होती, माझ्याकडे तिने पाहिलं नाही. "म्हनली, मास्तर बोलून बसला व्हता ना."

ठकुबाईने हात हलवला. काशीने कान तिच्या तोंडाशी नेला. मग म्हणाली, "इचारतेय, चा घेणार का."

मी नको म्हटलं. मग काशीने केलाच, बिनदुधाचा, आणि मला तो प्यावा लागला.

सूज उतरली. आवाज आला नाही. जो आला तो भात्यातून हवा निघावी तसा, दोन हातांवर ऐकू न येणारा. आणि मंडईत बातमी गेलीच, की कातकरीण स्वतःची भाजी खाऊन मरायला टेकली. म्हणजे होतं ते जहरच. मी जे सिद्ध करायला निघालो होतो त्याच्या उलटं सिद्ध झालं, माझ्याच साक्षीने. बाजाराच्या ठेकेदाराने सांगून टाकलं, रानातला माल इथं बसणार नाही. तरी वाडीतल्या दोन बायका गेल्या होत्या, त्यांच्या टोपल्या रस्त्यावर फेकल्या. हबीबा तिथं जाऊन भांडली. मी गेलो नाही. तोंड कुठलं घेऊन जाणार होतो?

मृग तसाच गेला. श्रावणात तांदूळ संपले. दसऱ्यानंतर ठकुबाई बारा वर्षांनी भट्टीवर गेली, काशीला घेऊन, खारबावच्याच अंगाला. मी भेटायला गेलो होतो एकदा. ती गारा तुडवत होती. मुकादम दुरून हाका मारत होता आणि ती उत्तर देत नाही म्हणून शिव्या घालत होता. ती देत होती, त्याला ऐकू जात नव्हतं. माघात तिला ताप आला आणि त्यात ती गेली. शेवळांनी तिला मारलं असं मी लिहिणार नाही, ते खोटं होईल. तापाने मेली. पण भट्टीवर मेली, आणि भट्टीवर तिला कुणी पाठवलं ते मी वर लिहिलंच आहे. केसरीनाथ, ठेकेदार, सायझिंग, राघो, चंद्राची घाई, सगळे त्यात आहेत. मी त्यांच्या पुढे उभा आहे, कारण ते सगळे मिळून जे करू शकले नाहीत ते माझ्या एका वाक्याने केलं.

मातीला मी गेलो होतो. राघोही आला होता, न सांगता. परतीच्या वाटेवर म्हणाला, "मी टोपली उलटी केली त्या दिवशी." मी म्हटलं, ठाऊक आहे. एवढंच.

काशी पुढची तीन वर्षं भट्टीवरच होती. गेल्या महिन्यात ती माझ्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. माळावरच्या तोडलेल्या खुंटांना फुटवे आले आहेत आणि त्यातल्या तिघांना यंदा पहिल्यांदा काकडं धरली आहेत, कड्यावरचं झाड वेगळं. केसरीनाथला तिने विचारलं. तो म्हणाला, ने. तिला मंडईत बसायचं आहे. नळाजवळ. "भट्टीवर न्हाय जायचं मला," ती म्हणाली. "तुमी फक्त बाजाराच्या ठेकेदाराकडं कागुद लिवा." मी लिहिला. ठेकेदाराचं उत्तर आलं, चौऱ्याहत्तर साली काय झालं ते आम्ही विसरलेलो नाही. मीही विसरलेलो नाही. पण तिथं नक्की काय झालं ते त्या मंडईला आजवर कुणी सांगितलेलं नाही. मी ओरडलो होतो, सांगितलं नव्हतं.

म्हणून येत्या सात जूनला, सकाळी आठ वाजता, रात्रपाळी सुटल्यावर, काशी मंडईत नळाजवळ चूल मांडणार आहे. शेवळं ती समोर शिजवणार आहे, काकड घालून, आणि आई कशी बसायची, कशी विकायची, त्या दिवशी काय झालं, हे ती स्वतः सांगणार आहे. तिला भाषण येत नाही. ती हळू बोलते, मध्ये थांबते, आणि शिजायला तास लागतो. हबीबा आता चालू शकत नाही, पण ती खाटेवर उचलून आणा म्हणाली आहे. चंद्रा येणार आहे. मी असेन, पण बोलणार नाही. तसं काशीने मला बजावलंय.

तुम्ही या. घाईत असलात तरी या. आणि काशी बोलायला लागली की तिचं पुरतं सांगून होईपर्यंत, भाजी शिजेपर्यंत, कृपा करून तिथून हलू नका.